पोर्फिरी कॉपर-गोल्डचा कोअर लॉग करताय? या चुका टाळा

पोर्फिरी म्हणजे मॅग्माच्या घुसखोरीभोवती पसरलेला मोठा पण विरळ तांब्या-सोन्याचा साठा, कोअर म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेले खडकाचे दंडगोल आणि ते बघून लिहायची नोंद म्हणजे लॉग. एमएससी जिऑलॉजी करून पहिल्यांदा कोअर शेडमध्ये गेलेली बरीच पोरं रंगावर जातात, गुलाबी दिसलं की पोटॅसिक, हिरवं दिसलं की प्रोपिलिटिक, पांढरट दिसलं की फायलिक, झाला लॉग. (ही अल्टरेशनची, म्हणजे गरम पाण्याने खडक बदलण्याची नावं: पुस्तकात पोटॅसिक गाभ्यात, फायलिक त्याभोवती, प्रोपिलिटिक सगळ्यात बाहेर.) मग अ‍ॅसे (धातूचं प्रमाण मोजायची लॅब चाचणी) रिपोर्ट येतात, काहीच जुळत नाही आणि शिव्या लॅबला.

पुस्तकातली ती गोल गोल झोनिंगची आकृती लॉवेल आणि गिल्बर्ट यांनी १९७० मध्ये अ‍ॅरिझोनातल्या सॅन मॅन्युएल-कालामाझू साठ्यावरून मांडली, आणि गंमत बघा, तो साठा स्वतःच कललेला आणि फॉल्टने दोन तुकडे झालेला होता, आधी ते तुकडे मनाने जागेवर बसवले तेव्हा कुठे ती आकृती दिसली. त्यामुळे आकृती चूक नाहीये, तुमच्या ट्रेमध्ये ती जशीच्या तशी मिळेल ही अपेक्षा चूक आहे. सिस्टिम थंड होत जाते तशी नवी अल्टरेशन जुनीच्या डोक्यावर चढते.

सगळ्यात महागात पडणारी चूक हिरव्या रंगाची. गाभ्यातला बारीक तपकिरी बायोटाइट नंतर क्लोराइट होतो आणि खडक हिरवा दिसायला लागतो, लॉग करणारा प्रोपिलिटिक लिहून मोकळा, म्हणजे नकाशावर तुम्ही साठ्याच्या बाहेर गेलात आणि प्रत्यक्षात मधोमध उभे आहात! अशा वेळी कोअर ओला करा आणि व्हेन (खडकातल्या भेगा भरून बसलेल्या खनिजांच्या रेघा) बघा. वेड्यावाकड्या क्वार्ट्झ व्हेन, त्यात मॅग्नेटाइट, बोर्नाइटचे जांभळट ठिपके असं दिसलं तर हिरवा रंग नंतरचा आहे. खरा प्रोपिलिटिक भाग सहसा एपिडोट, कॅल्साइट, पायराइट दाखवतो आणि क्वार्ट्झ व्हेन विरळ असतात. कोणती व्हेन कोणाला कापते ते आधी लिहा, रंगाचा कॉलम नंतर भरा. चिलीतल्या एल साल्वाडोरवर गुस्टाफसन आणि हंट यांनी १९७५ मध्ये ए, बी, डी व्हेनचा जो क्रम दिला तो अजून कामाला येतो: ए वाकड्यातिकड्या आणि जुन्या, बी सरळ आणि बऱ्याचदा मधोमध सल्फाइडची रेघ असलेल्या, डी पायराइटच्या, बाजूला सेरिसाइटची पांढरी किनार.

गुलाबी रंगाचंही तसंच. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या केडिया भागात फेल्डस्पारवर हेमॅटाइटची बारीक धूळ बसलेली असते, तिथे अल्बाइटसुद्धा लालसर दिसतो. लाल म्हणजे पोटॅश फेल्डस्पार असं धरून चाललात तर गेलात. शंका आली की स्लॅब लॅबला पाठवा, हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडने पृष्ठभाग किंचित खाऊ देऊन (एचिंग) सोडियम कोबाल्टिनायट्राइट लावलं की पोटॅश फेल्डस्पार पिवळा पडतो. हे घरच्या मोरीत करायचं काम नाही, फ्यूम हूड हवाच.

चमकतं ते सोनं समजणारे आता कमी झालेत, पण पायराइट आणि चाल्कोपायराइट अजून गंडवतात. चाकू फिरवा, चाल्कोपायराइटवर ओरखडा येतो, पायराइटवर येत नाही. सोनं डोळ्यांना दिसतच नाही म्हणा ना, टनाला अर्धा-एक ग्रॅम, तेही बोर्नाइट-चाल्कोपायराइटच्या आत सूक्ष्म कणांत. केडियाजवळच्या रिजवेमध्ये बोर्नाइट गाभ्यात, मग चाल्कोपायराइट, बाहेर पायराइट, आणि सोनं गाभ्याकडे जास्त. म्हणून सल्फाइड किती टक्के एवढंच लिहून उपयोग नाही, कोणतं किती ते वेगवेगळं लिहा. आणि एक्स-रे मारून धातू मोजणाऱ्या हातातल्या एक्सआरएफ गनवर सोन्याचा आकडा दिसला म्हणून नाचू नका, या ग्रेडचं (टनातल्या प्रमाणाचं) सोनं तिच्या आवाक्याबाहेर आहे, त्याला फायर अ‍ॅसेच (नमुना वितळवून सोनं वेगळं काढून मोजणं) लागतो. कोअर कापतानाही व्हेनच्या बाजूबाजूने करवत नेऊ नका, नाहीतर सगळी व्हेन एकाच अर्ध्यात जाते आणि ग्रेड फसवा येतो.

आयपी सर्व्हेत (जमिनीत वीज सोडून सल्फाइड हुडकायची पद्धत) सगळ्यात तापलेला लाल डाग दिसला की लगेच तिथे होल मारायची घाई असते. तो बऱ्याचदा बाहेरचा पायराइटचा कोष असतो, तांबं त्याच्या आतल्या बाजूला, तुलनेने थंड प्रतिसादात.

गोंदियापासून जवळच, मध्य प्रदेशात असलेली मलाजखंडची तांब्याची खाण पोर्फिरी आहे का हा वाद जुना आहे, तिथलं बरंचसं तांबं मोठ्या क्वार्ट्झ रीफमध्ये आहे, तेव्हा ग्रॅनाइटमध्ये तांबं दिसलं म्हणून रिपोर्टमध्ये पोर्फिरी शब्द टाकू नका.

वरच्या ऑक्साइड भागात मॅलाकाइट-क्रिसोकोला असेल तर फक्त टोटल कॉपर मागवू नका, अ‍ॅसिड सोल्युबल कॉपरही मागवा. हे तांबं नेहमीच्या सल्फाइड फ्लोटेशनमध्ये (फेसावर खनिज तरंगवून वेगळं करणं) नीट तरंगत नाही, आणि खालचा काळा काजळीसारखा चाल्कोसाइटचा थर ग्रेड फुगवतो, तो वेगळा डोमेन (हिशोबाचा वेगळा भाग) करा, प्रायमरी सल्फाइडच्या सरासरीत मिसळू नका.