पुलाच्या साइटवर नवीन लागलात? आधी पुलाखाली जा

दहावीनंतर सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि पहिलीच नोकरी लागली ती रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीवरच्या पुलाच्या साइटवर. आता या लायनीत येणारी मुलं विचारतात काय शिकून जाऊ म्हणून, त्यांच्यासाठी लिहितोय. सगळ्यांना गर्डर लाँचिंग, म्हणजे पुलाच्या तुळया खांबांवर चढवणं बघायचं असतं, दोन क्रेन, व्हिडिओ वगैरे, बघा की, बघण्यासारखंच असतं ते. पण कोकणात पूल शिकायचा तर पहिले सहा महिने सळई आणि पाणी, या दोनच गोष्टींच्या मागे लागा.

इथली हवा खारी. मिठातले क्लोराइड काँक्रीटमधून हळूहळू आत शिरतात, सळईपर्यंत पोचले की गंज धरतो, आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते म्हणून काँक्रीट आतून तडकतं आणि पोपडे सुटतात. अडवायला मध्ये असतं फक्त कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. आयआरसी ११२ (इंडियन रोड्स काँग्रेसचा काँक्रीट पुलांचा कोड) मध्ये वातावरण जसं कडक तसं हे कव्हर ४५, ५०, ७५ मिमी असं वाढत जातं. तो तक्ता पाठच करा.

माझ्या पहिल्या वर्षी पिअर कॅपचं, म्हणजे पुलाच्या खांबाच्या माथ्याचं काँक्रीट सकाळी सहाला होतं, आदल्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन आडवा झालो तर कव्हरपुरती सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक संपले म्हणून कुणीतरी सळईखाली खडीचे तुकडे सरकवलेले. टेप लावली, दोन ठिकाणी जेमतेम २० मिमी. सिनियरना फोन केला, त्यांनी काँक्रीटच्या गाड्या थांबवल्या, आरडाओरडा झाला, पण मुकादमाने रात्रीत सगळे ब्लॉक बदलून दिले. त्यानेच मला समजावलं, "साहेब, व्हायब्रेटर लागला की खडी निसटते, सळई खाली बसते, आणि शटर (साचा) खोलल्यावर वरून सगळं गुळगुळीत." २८ दिवसांनी दाबून तपासायचा काँक्रीटचा क्यूब पास झाला तरी तो ताकद सांगतो, कव्हर किती राहिलं ते त्याला कळत नाही.

पाण्याचं म्हणाल तर वरचं वेगळं, खालचं वेगळं. वरून पावसाचं पाणी स्पाउटमधून, म्हणजे निचऱ्याच्या पाइपातून बाहेर पडायला हवं, पण तिथे लाल माती, पाला, प्लास्टिक अडकतं, मग पाणी डेकवर (पुलाच्या वरच्या स्लॅबवर) साचतं आणि एक्स्पान्शन जॉइंटमधून, म्हणजे दोन गाळ्यांमधल्या फटीतून, गर्डर ज्यावर टेकतो त्या बेअरिंगवर गळत राहतं. मे महिन्यात स्पाउट साफ करणं हे फार मोठं मेंटेनन्स आहे, त्याला कमी समजू नका.

खालचं पाणी जास्त घातकी. पुरात पिअरभोवती भोवरे होतात आणि तळ उकरला जातो, याला स्कावर म्हणतात. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने परत भरतो, त्यामुळे नंतर गेलात तर काहीच झालं नाही असं वाटतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात गेला, त्यात दोन एसट्या गेल्या. आमच्याकडे मुंबईहून येणारं माणूस त्याच रस्त्याने येतं हो. तिथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, पण कुठल्याही जुन्या पुलावरून जाताना माझं लक्ष आजही आधी पाण्याकडेच जातं.

आयआरसीचं एसपी ३५ हे इन्स्पेक्शनचं पुस्तक जवळ ठेवा. पाऊस संपला की ओहोटी बघून पुलाखाली उतरा. वेळ काढायला इथल्या मच्छीमारांचा हिशोब वापरा, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहा वाजता, मग बारापर्यंत पाणी उतरतं. हातोडीने ठोकत जा. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने गोल करा, फोटो काढा आणि पिअर नंबरसकट तारीख लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तो गोल वाढलाय का ते बघायला तुम्हालाच यायचंय.