मासळी बाजारात नेण्याची पट्टी

मासे कसे निवडावेत हे चित्रे दाखवून शिकवण्यापेक्षा पाच-सहा वर्षांच्या मुलाला सकाळी, गर्दी होण्याआधी, मासळी बाजारात न्यावे आणि सोबत १५ सेंटीमीटरची पट्टी घ्यावी. ही पट्टी कंपासपेटीत परत ठेवू नये, वास जात नाही.

पट्टीवर साडेतेराच्या खुणेशी जाड रेघ मारावी. महाराष्ट्रात २०२३ साली चंदेरी पापलेटला राज्य माशाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींचे मासे पकडण्यासाठी त्यांची किमान लांबी ठरली. त्यात या पापलेटची लांबी १३५ मिलिमीटर आहे. रेघेपर्यंत न पोहोचणारे पापलेट हे पिल्लूच असून अंडी घालण्याआधीच टोपलीत आले आहे, एवढे मुलाला पुरते. ते आपण घेऊ नये, मात्र कोळीण मावशींशी वाद घालू नये. त्यांनी काही जाळे टाकलेले नसते.

एकदा मोजण्याची गोडी लागली, की मूल मांदेलीच्या वाट्यापुढे उभे राहून ही सगळी बाळेच आहेत, असे जाहीर करते. धड्यातला कठीण भाग हाच आहे. मांदेली आणि जवळा वयात आले तरी लहानच राहतात, आणि सुरमई मात्र फूटभर लांब असूनही पिल्लू असू शकते, कारण तिची मर्यादा ३७० मिलिमीटर आहे. म्हणून आधी माशाचे नाव विचारावे, मग पट्टी लावावी.

ताजेपणा बोटाने कळतो. मावशींना विचारून मुलाला बांगडा हलकेच दाबायला द्यावा: खळगा लगेच भरून आला, डोळा फुगीर व स्वच्छ असला आणि कल्ले लाल असले, तर तो घ्यावा. शिंगाळ्याच्या काट्याला आणि जिवंत खेकड्याला हात लावू देऊ नये. बांगडा उन्हात राहिला, तर त्यात तयार होणारे हिस्टामिन शिजवूनही जात नाही, म्हणून मासे शेवटी घ्यावेत आणि बर्फाचा डबा मुलाच्याच हाती द्यावा. घरी आल्यावर दोघांनीही साबणाने हात धुवावेत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या काळात मुलाने पापलेट मागितले, तर कॅलेंडरवर नारळी पौर्णिमा शोधायला सांगावे आणि तोवर सुकट करावी.