चार्जर आणायला गेला म्हणून निभावलं, पुढच्या वेळी काय?

‘देवानं वाचवलं’ म्हणून नारळ फोडा, पेढे वाटा, माझं काही म्हणणं नाही. पण पेढे संपले की घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि विचारा: नेमकं कशामुळे वाचलो? आणि तेच पुढच्या वेळी मुद्दाम कसं करायचं? उदाहरण आमच्याच घरचं देते, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं.

इथे जानेवारीत पारा दोन-तीन अंशांवर उतरतो. संक्रांतीला वन्सं आणि दोघी भाच्या आल्या होत्या. मागच्या खोलीत तिघींची अंथरुणं, कोपऱ्यात कोळशाची सिगडी. रीतीप्रमाणे अंगणात पेटवून, धूर गेल्यावर, निखारे लाल झाल्यावरच आत आणलेली. रात्री धाकटीला उलटी झाली, थोरलीचं डोकं ठणकायला लागलं. वन्सं म्हणाल्या, कचोरी बाधली. ओवा-मीठ खाऊन, दार लावून पुन्हा झोपल्या. थोड्या वेळानं आमचे चिरंजीव मोबाइलचा चार्जर आणायला त्या खोलीत गेले. दार उघडलं, हाका मारल्या, तर थोरली उठेना. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी तिघी घरी आल्या.

आता उत्तर शोधताना ‘चार्जर’वर थांबू नका. वाचवणाऱ्या गोष्टी दोन होत्या: दार उघडलं, आणि कोणीतरी जाऊन पाहिलं. दोन्ही ठरवून करता येतात. कारण मात्र नीट समजून घ्या, नाहीतर नियम चार दिवस टिकतो. धूर गेला म्हणजे धोका गेला, असं नाही. लाल निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, मग शरीराला ऑक्सिजन पोचतच नाही. झोपलेल्या माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही, झोपेतच बेशुद्धी येते. खोलीत पाण्याचं भांडं ठेवून काही होत नाही.

‘आमच्या आजीनं जन्मभर सिगडी वापरली’ हे वाक्य तुमच्याही घरी येईलच. आजीच्या वाड्याला वर रोशनदान होतं आणि दाराच्या फटीतून मांजर जायचं. आपण रोशनदानात थर्माकोल कोंबलं, खिडकीला सरकती काच लावली आणि सवय तेवढी आजीची ठेवली.

आमच्याकडे ठरलं ते असं: सिगडी अंगणात, शेकून घ्यायची, झोपायच्या खोलीत न्यायचीच नाही. आत गरम पाण्याच्या पिशव्या आणि जास्तीची रजई. हे कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलंय, दुधाच्या हिशेबाशेजारी, कारण ते पान रोज कोणीतरी उलटतंच. नियमाखाली एका माणसाचं नाव हवं. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवायचं’ म्हणजे कोणीच ठेवायचं नाही! पाहुणे असले की झोपण्याआधी खोलीत डोकावणं माझ्याकडे. ऑनलाइन मिळणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही झोपण्याच्या जागेजवळ लावलाय.

लक्षणांबद्दल जरा जास्त सांगते, कारण फसगत तिथेच होते. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी, चक्कर, मळमळ, ताप नाही, बाहेर मोकळ्यावर आलं की बरं वाटतं. असं असेल तर कचोरीला दोष देण्याआधी हवेवर संशय घ्या. दारं-खिडक्या सताड उघडा, माणसांना बाहेर काढा, स्वतः आत रेंगाळू नका, 108 ला फोन करा. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच: ‘बंद खोलीत सिगडी होती.’ करोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून 98 दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. साध्या ऑक्सिमीटरला हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की हा वायू, हे ओळखता येत नाही.

हीच पद्धत दुसऱ्याच्या घरच्या प्रसंगालाही लावून पाहा. शेजारच्या सूनबाई गॅस गिझर चालू ठेवून, दार लावून न्हात होत्या. त्याच वायूनं डोकं गरगरायला लागलं, तेवढ्यात सिलिंडर संपला, पाणी गार झालं आणि त्या वैतागून बाहेर आल्या. सिलिंडर वेळेवर संपेल असा नियम काही करता येत नाही! पण गिझर बंद पडला आणि दार उघडलं, हे करता येतं. आता तो गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून घेतलाय. बसवणारा माणूस यायला आठवडा गेला, तोवर दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, मग आंघोळ.

लग्नाला गावी जाऊन धर्मशाळेत उतरलात आणि कोणी प्रेमानं खोलीत सिगडी आणून ठेवली, तर नको म्हणायला अवघड जातं. तिथे सरळ ‘आमच्याकडे दम्याचं माणूस आहे’ म्हणा. लगेच उचलून नेतात.