आडसालीचं बेणं तोडण्याआधी फडात चाबूक बघा

वळवाचे दोन सडाके झाले की कोल्हापूरकडच्या करवीर, शिरोळ, हातकणंगले भागात आडसालीच्या, म्हणजे पावसाळ्यात लावायच्या उसाच्या लावणीची बोलणी सुरू होतात. बेणं, म्हणजे लावायचा ऊस, कुणाचं घ्यायचं ते ठरवण्याआधी त्या फडात सरी-सरीनं एक फेरी मारा. पोंग्यातून (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीतून) पेन्सिलीएवढा जाड, वाकलेला काळा शेंडा बाहेर आलाय का बघा. तीच चाबूक काणी, उसाचा बुरशीचा रोग. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटलेल्या उसात, जास्त सापडते.

चाबूक नवा असताना त्यावर चंदेरी पापुद्रा असतो. तो फाटला की बोट लावताच काजळीसारखी भुकटी लागते. हे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यानं ते शेजारच्या उसाच्या डोळ्यावर (कांडीवरच्या कोंबावर) जातात, पाटाच्या पाण्यानं पुढच्या सरीत.

गंमत पुढं आहे. बीजाणू रुजला तरी थेट उसात शिरत नाही. आधी त्यातून चार बारीक पेशी निघतात, दोन एका गटाच्या, दोन दुसऱ्या. नर-मादी म्हणावं तर दिसायला चौघी सारख्याच, फरक जनुकांत. एकटी पेशी यीस्टसारखी वाढत राहते, उसाला काही करत नाही. दोन गटांच्या पेशी जुळल्या की जो धागा तयार होतो, तो डोळ्यात घुसतो. पण म्हणून निर्धास्त राहू नका. एकाच बीजाणूतून दोन्ही गट निघत असल्यानं ही सोयरीक घरातल्या घरातच जमते.

त्यामुळं पापुद्रा शाबूत आहे तोवरच हात घाला. आधी चाबकावर पिशवी सरकवून खाली बांधा, मग कापा, आणि सगळं बेट मुळासकट खणून जाळा. मी एकदा नुसता शेंडा विळ्यानं छाटून पाटात टाकला होता. त्याच बेटातून परत चाबूक आले, आणि पुढच्या साली पाटाकडेच्या सऱ्याही लागल्या. बुरशी आत गेल्यावर वरून फवारून पैसे घालवू नका.

बेणं ९ ते ११ महिन्यांचं, बेणेमळ्यातलंच (खास बेण्यासाठी वाढवलेल्या फडातलं) घ्या. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम, त्यात टिपऱ्या (बेण्याचे तुकडे) १० मिनिटं बुडवा. हातमोजे घाला. कारखान्याकडं बाष्पयुक्त उष्ण हवेची सोय असेल तर बेणेमळ्याच्या बेण्याला ५४ अंशांवर अडीच तास प्रक्रिया करून घ्या.

शंभरात दहापेक्षा जास्त बेटं लागलेली असतील तर खोडव्याचा मोह नको. नांगर घाला, सोयाबीन किंवा भुईमूग करा.