डाएटवर असताना केक खावासा वाटला तर

मन मारून बसलात तर चार दिवसांनी अख्खं पाकीट संपतं. 'शुगर-फ्री' कुकीजनेही फार काही साधत नाही. साखर गेली तरी मैदा आणि फॅट तिथेच असतात. साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी, फॅटच्या एका ग्रॅममध्ये ९. त्यापेक्षा एकट्यापुरताच केक करा. उरलाच नाही, तर दुसऱ्यांदा हात जाणार नाही.

३०० मिलीचा, मायक्रोवेव्हमध्ये चालणारा मग घ्या. त्यात अर्धं केळं (सोललेलं, साधारण ५० ग्रॅम) गुठळी न ठेवता कुस्करा. सालावर काळे ठिपके आलेलंच केळं हवं. कच्चट केळ्याला गोडी नसते आणि मग साखर घालायचा मोह होतो. एक अंडं फोडून नीट फेटा. ३० ग्रॅम ओट्सचं बारीक पीठ, एक छोटा चमचा कोको, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि एक मोठा चमचा दूध घालून ढवळा. मिठाने गोडी उठून येते, ते वगळू नका. दोन मिनिटं तसंच ठेवा, म्हणजे ओट्स पाणी शोषतील. हा मग निम्म्यापेक्षा जास्त भरलेला नको, नाहीतर उतू जाईल.

८०० वॉटवर ७० सेकंद ठेवा आणि मध्यभागी टूथपिक घालून बघा. ओलसर कण चिकटून आले तर झाला. ओलं पीठ आलं तर आणखी १०-१० सेकंद द्या. टूथपिक अगदी कोरडी येईपर्यंत थांबू नका. बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने मिनिटभर शिजणं चालूच असतं. केक रबरासारखा होतो तो बहुतेक वेळा इथेच. कडवट, साबणासारखी चव आली तर बेकिंग पावडर जास्त पडली आहे.

हा साधारण २५० कॅलरींचा केक आहे. दिवसाच्या हिशेबात धराच. मधुमेह असेल तर केळ्याची साखरही मोजा. खायचा तो जेवणानंतर. रिकाम्या पोटी एवढ्यावर भागत नाही.

नेहमीच्याच रेसिपीचा केक हवा असेल, तर साखर पाव हिश्श्याने कमी करा. बहुतेक केकना ते चालतं. निम्मी केली तर मात्र केक कोरडा आणि फिकट होतो, कारण ओलावा धरून ठेवणं आणि रंग आणणं ही कामंही साखरच करते. लोण्यातलं थोडं कमी करून तेवढं दही घालता येतं, पण मग मिश्रण जेमतेम एकजीव होईपर्यंतच ढवळा. फॅट कमी असताना जास्त घोटलं की मैद्यातलं ग्लुटेन (चिकट प्रथिन) ताणलं जातं आणि केक चिवट होतो.

पूर्ण टिन केलात तर गार झाल्याबरोबर तुकडे करा, प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. दोन महिने छान राहतात. एक तुकडा बाहेर काढला की तो मऊ व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तेवढ्या वेळात पुष्कळदा तलफ ओसरलेली असते.