पीएस४ ची हार्ड डिस्क बदलताय? या चुका टाळा

सोनीचा गेम खेळायचा पीएस४ (प्लेस्टेशन ४) भारतात आला जानेवारी २०१४ मध्ये. त्या वेळच्या मशिनमधली ५०० जीबीची डिस्क आता थकलेली असणार, यात नवल नाही. मेनू अडखळतो, गेम लोड होता होत नाही, मधेच गेममधले रस्ते आणि भिंती उशिरा दिसायला लागतात. अशा वेळी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकणं हा चांगला उपाय आहे आणि काम अवघडही नाही, कारण डिस्क बदलायची सोय सोनीनं मुद्दाम ठेवली आहे. तरीही नवी डिस्क टाकून ‘मशिन मेलं’ म्हणत दुकान गाठणारे भेटतातच. मशिन ठणठणीत असतं, घोळ असतो पेन ड्राइव्हवर. त्याच्याकडे येतोच, पण त्याआधीच्या दोन-तीन गोष्टी.

दोष डिस्कचाच आहे ना?

निळा दिवा लुकलुकत राहतो आणि पांढरा होतच नाही, किंवा पांढरा होतो पण टीव्हीवर काहीच येत नाही, तर लगेच एसएसडी मागवू नका. निळ्या दिव्यामागे पॉवर सप्लाय किंवा मुख्य बोर्ड असू शकतो. पांढरा दिवा असून चित्र नसेल तर पहिला संशय एचडीएमआय पोर्टवर, म्हणजे टीव्हीची वायर लागते त्या खाचेवर, घ्यावा.

फुकटात होणारी एक तपासणी आहे. मशिन पूर्ण बंद करा, वायर काढा, डिस्क बाहेर घ्या आणि डिस्कशिवाय चालू करा. डिस्क सापडत नसल्याचा संदेश पडद्यावर आला (कोड बहुधा सीई-३४३३५-८), तर बोर्ड आणि एचडीएमआय काम करतायत. तेव्हा डिस्कवर पैसे घालायला हरकत नाही. तरीही काहीच दिसलं नाही, तर नव्या डिस्कनं काही फरक पडणार नाही. हाच कोड नवी डिस्क बसवल्यावर आला, तर ती जागेवर नीट बसलेली नसते. काढून पुन्हा सरळ आत सरकवा.

बॅकअपमध्ये ट्रॉफ्या येत नाहीत

जुनी डिस्क अजून चालतेय तोवर सेटिंग्जमधून यूएसबी ड्राइव्हवर बॅकअप घ्या. फक्त त्यात ट्रॉफ्या, म्हणजे गेममध्ये मिळवलेली बक्षिसं, नसतात. त्या आधी पीएसएनवर (सोनीच्या ऑनलाइन सेवेवर) सिंक कराव्या लागतात. हे न करता डिस्क काढली तर सिंक न झालेल्या ट्रॉफ्या गेल्याच समजा. पीएस प्लस (सोनीची पैसे भरून घ्यायची सेवा) नसेल तर सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, क्लाउडवर जात नाहीत, तेव्हा त्या यूएसबीवर वेगळ्या उतरवून ठेवलेल्या बऱ्या. आणि जुनी डिस्क मित्राच्या पीएस४ मध्ये लावून डेटा वाचू, ही आशा सोडा. डिस्कवरचा मजकूर त्या एकाच मशिनच्या किल्लीनं कुलूपबंद असतो.

डिस्क निवडताना २.५ इंची साटा (डिस्क जोडायची एक पद्धत) हवी, जाडी ९.५ मिमीपर्यंत. साध्या एसएसडी ७ मिमीच्या असतात, त्या बसतात. एम.२ प्रकारची, पट्टीसारखी लहान एसएसडी इथे बसत नाही; ती सोय पीएस५ मध्ये आहे. मूळ पीएस४ आणि स्लिममध्ये (नंतरच्या पातळ मॉडेलमध्ये) साटाचा वेग आधीच मर्यादित आहे, त्यामुळे महागातली एसएसडी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आकारात मात्र कंजूषपणा नको: अपडेट उतरवताना पीएस४ गेमची प्रत तयार करतो, म्हणून मोकळी जागा गेमच्या आकाराएवढी तरी लागते.

स्क्रू

मूळ मॉडेलमध्ये वरच्या झाकणाचा चकचकीत भाग बाहेरच्या बाजूला सरकवला की चार खुणा कोरलेला एकच मोठा स्क्रू दिसतो. तेवढा काढला की डिस्कची चौकट बाहेर येते. लहान टोकाचा स्क्रूड्रायव्हर लावून जोर लावला तर डोकं गोल होतं आणि मग तो स्क्रू काही केल्या निघत नाही. चौकटीचे चार स्क्रू रबरात बसतात. ते हलकेच आवळा.

आता तो पेन ड्राइव्ह

कोऱ्या डिस्कवर सिस्टीम सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. प्लेस्टेशनच्या साइटवर दोन फाइली मिळतात आणि दोघींचं नाव एकच: पीएस४अपडेट.पीयूपी. एक नुसती अपडेटची, सुमारे अर्ध्या जीबीची. दुसरी पुन्हा इन्स्टॉल करण्याची, एक जीबीच्या वर. कोऱ्या डिस्कला दुसरीच हवी. घाईत पहिली उतरते आणि पडद्यावर एसयू-४१३३३-४ येतो. लोक मग एसएसडीला शिव्या देतात.

फाइल बरोबर असूनही हाच कोड आला, तर पेन ड्राइव्ह संगणकाला लावून नीट बघा. आत ‘पीएस४’ फोल्डर, त्यात ‘अपडेट’ फोल्डर, त्यात फाइल. सगळी नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. ब्राउझरनं दुसऱ्यांदा उतरवलेल्या फाइलच्या नावापुढे कंसात १ लावला असेल तर तो काढा. ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा. एनटीएफएस असेल तर पीएस४ तो वाचत नाही. पार्टिशन (ड्राइव्हवरच्या जागेची विभागणी) जीपीटी पद्धतीचं असेल तर एमबीआर पद्धतीचं करून बघा. यातलं काही एक चुकलं तरी पडद्यावर संदेश तोच येतो, म्हणून क्रमानं जा.

सॉफ्टवेअर टाकायला मशिन सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीचा मेनू दाखवणाऱ्या अवस्थेत, सुरू करावं लागतं. त्यासाठी पेन ड्राइव्ह लावून मशिन बंद असताना पॉवर बटण दाबून धरा. पहिली बीप लगेच, दुसरी साधारण ७ सेकंदांनी, मग सोडा. इथे कंट्रोलर वायरनंच चालतो. नुसती चार्जिंगची वायर लावली तर तो निपचित पडून राहतो, आणि लोकांना वाटतं मशिन लटकलं. डेटावाली वायर घ्या, मग मेनूतला सातवा, सिस्टीम सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याचा पर्याय निवडा.

इन्स्टॉल चालू असताना वीज जाऊ देऊ नका. पावसाळ्यात दिवे येत-जात असतील तर मशिन इन्व्हर्टरवर घ्या किंवा काम दुसऱ्या दिवशी करा.

उघडायचंच नसेल तर

मार्च २०१७ च्या ४.५० अपडेटपासून यूएसबी ३.० चा बाहेरचा ड्राइव्ह चालतो, २५० जीबी ते ८ टीबी. तो थेट मशिनला लावा, हबमधून नाही. चालू मशिनमधून तसाच उपटू नका. सेटिंग्जमधून वापर थांबवून मग काढा. अर्थात सिस्टीम आतल्याच डिस्कवर राहते, म्हणून आतली डिस्क खराब झाली असेल तर याचा उपयोग नाही.

पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) वीज उरलेली असू शकते. ते काम सरळ दुरुस्तीवाल्याकडे द्या, आणि देताना डिस्कशिवाय चालू केल्यावर काय दिसलं तेही सांगा.