लेकीचे कुरळे केस आणि सकाळची रडारड

लेक चार वर्षांची. दादरला शाळेत सोडायच्या आधी घाईघाईत तिच्या कोरड्या केसांतून फणी फिरवायचे आणि ती कळवळायची. मानेपाशी, उशीला घासून घासून, सुपारीएवढी गाठ बसलेली असायची. चूक माझीच होती. टाळूचं तेल कुरळ्या केसांत टोकापर्यंत नीट उतरत नाही, म्हणून ते कोरडे पडतात, गुंततात.

आता आठवड्यातून दोनदाच न्हाऊ घालते. ओल्या केसांना कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकं, मग हळूहळू वर. गाठ बोटांनीच सोडवते, मुळाशी केस घट्ट धरून, म्हणजे ओढ बसत नाही. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. जुना सुती टी-शर्ट पुरतो. रात्री सैल वेणी. पावसाळी दमट हवेत थोडे पिंजारतात, पिंजारू देत. काल तिनेच कंगवा आणून हातात दिला.